ओट्यावरचं वाळवण

तुळसाबाईला आम्ही चौघींनी चादरीत धरून पाण्यातून वर आणलं आणि माझ्या ओट्यावर ठेवलं. चौघींनी म्हणते, पण मी नुसता कोपऱ्याला हात लावला होता, वजन बाकीच्या तिघींवर होतं. दुपारची वेळ होती, पण पाऊस असा की समोरच्या ओट्यावरच्या कुसुमचं तोंड दिसत नव्हतं. तुळसाबाईची डावी बाजू लकव्यानं गेलेली होती. तिच्या लुगड्यातून नालीचं काळं पाणी माझ्या फरशीवर गळत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. जीभ जड झाली होती तिची, पण डोळे चांगले होते. माझी सून उषा म्हणाली, "आई, आत घ्या ना त्यायले. पुऱ्या वल्ल्या झाल्या." मी आत गेले. पेटी उघडली. खाली अंथरायला एक जुनं पातळ काढलं. ते जरा बरं वाटलं म्हणून परत ठेवलं आणि दुसरं शोधायला लागले. तोवर ती ओट्यावर पडून होती आणि पाऊस आडवा येत होता.

तुळसाबाई माझ्याच वयाची. खालच्या गल्लीत राहायची. आम्ही दोघी लग्न होऊन या गावात आलो त्याच वर्षापासून एकाच शेतात कापूस वेचायला जायचो. एका झाडाखाली भाकर खायचो, आपापली. इतक्या वर्षांत ती माझ्या घरी कितीदा आली असेल, पण बसायची ती ओट्याच्या पायरीवर, खाली. मी कधी वर बस म्हटलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. ओट्यावर ती त्या दुपारी पहिल्यांदा आली.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या पंधरवड्यात उषानं गहू भिजत घातले. वैशाख आला की आमच्या गल्लीत तो वास सुटतो. गहू तीन दिवस पाण्यात ठेवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरात आंबट वास भरतो, दह्यासारखा पण दह्याचा नव्हे. मग ते वाटायचे, फडक्यातून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पांढराशुभ्र चीक मोठ्या गंजात शिजवायचा. हाटून हाटून हात भरून येतात. लेकरं वाट्या घेऊन उभी असतात, गरम चिकात साखर घालून खायला. मग सोऱ्या भरायचा आणि जुन्या साडीवर एकेक कुरडई घालायची. आज माझ्या घरी, उद्या कुसुमच्या, परवा तिसरीच्या. माझं माहेर वडनेर भोलजीचं, तिथंही असंच होतं. एकटीनं कुरडया घालणारी बाई मी पाहिली नाही.

लहानपणी मला हा वास म्हणजे शाळेला सुट्टी वाटायचा. चौथीनंतर शाळा कायमची सुटली, तरी वाटायचा. आता तो वास आला की मला चादरीचा तो ओला कोपरा हातात आल्यासारखा वाटतो. उषाला मी तसं सांगितलं नाही. ती म्हणाली असती, मग यंदा नको करायला. आणि मला कुरडया आवडतात.

खालची गल्ली बौद्धांची आहे. वरची आमची, माळ्यांची, मध्ये दोन-चार दुकानदार. असं लिहू नये म्हणतात, पण न लिहिता पुढचं कळणार नाही. वरच्या गल्लीचा उतार खालच्या गल्लीवर आहे. देवानं केलेला उतार आहे, त्यात आमचा दोष नाही. दोष ओट्यांचा आहे.

मी आले तेव्हा दारापुढे शेणानं सारवलेलं अंगण होतं, हातभर. मग नगरपरिषदेनं दोन्ही बाजूंनी नाली काढली. नाली ओलांडायला आम्ही एक फरशी टाकली. एका फरशीवरून म्हैस नीट जात नाही म्हणून दुसरी टाकली. मग मुलाला नोकरी लागली तेव्हा वाळू-सिमेंट आणून पुरा ओटा बांधला, वर चकचकीत फरशी, दाराशी तुळशीला जागा. नाली खाली राहिली. कुसुमनं माझा पाहून तिचा बांधला, आणि एक बोट उंच बांधला. तिचं पाहून पुढच्यांनी. पाहता पाहता गल्लीत दोन्ही बाजूंना ओट्याला ओटा लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्ता बारीक झाला. नवरीची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि नवरी चालत येते. पण ओटे सुंदर होते. सकाळी गहू निवडायचे, दुपारी भाजी मोडायची, संध्याकाळी नुसतं बसायचं. गावातलं कोणाचं काय चाललंय ते ओट्यावर आपोआप कळायचं. नालीचं तोंड कोणाला दिसत नव्हतं. ओट्याला एक भोक ठेवलं होतं, त्यातून मोरीचं पाणी, गव्हाचं आंबवण, राख, सगळं खाली सोडायचं. जे दिसत नाही ते साफ कोण करणार?

ओट्यांचा विषय नगरपरिषदेच्या सभेत निघाला तेव्हा आम्ही पाच-सहा बायका गेलो होतो. मी सभा पहिल्यांदा पाहिली. वर पंखे, खाली गाद्यांच्या खुर्च्या, आणि पंख्याच्या आवाजात कोणाला कोणाचं ऐकू जात नव्हतं. अर्धी सभा कमानीवर गेली. बाजाराच्या रस्त्याला स्वागताची कमान करायची, तिचा रंग कोणता. मग डुकरांचा विषय आला. एक सदस्य उठून म्हणाला, "डुकरं कोणाचे हायेत थे सांगा. मालक असल्याबिगर डुकर येते का?" दुसरा बसल्या जागी म्हणाला, "मालक इथंच बसला असन, पाह्य बरं." सगळे हसले, आणि डुकरं जिथं होती तिथंच राहिली.

मग रत्नमाला उभी राहिली. तुळसाबाईची सून, अंगणवाडीत सेविका आहे. तिचा नवरा धाड गावाच्या रस्त्यावर जीप चालवतो. तिनं आवाज चढवला नाही.

"साहेब, पावसायात आमच्या घरात पाणी घुसते. वरचं सगळं पाणी रस्त्यानं येते. सासू खाटीवर हाये. तिले उचलून मी कुठी नेऊ?"

इंजिनीयर म्हणाला, नालीचा उतार बरोबर आहे, पण वरच्या गल्लीत नाली दिसतच नाही, वर ओटे आहेत. मुख्याधिकारी साहेब नवीन होते, बाहेरचे होते. ते सरळ म्हणाले, "मग ओटे काढा."

मी उठले. कोणी उठवलं नव्हतं. म्हटलं, "आमचे ओटे नालीच्या आधीचे हायेत साहेब. तुमचीच नाली आमच्या ओट्याखाली घुसली. तिले काढा."

सगळी सभा हसली. कोणीतरी टेबल वाजवलं. माझ्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. मी सांगितलं ते खोटं होतं, आणि तिथले निम्मे लोक आमच्या गल्लीतून रोज जाणारे, त्यांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं. पण हसले की माणसाला वाटतं आपण जिंकलो. आमचा नगरसेवक विलास, मला मोठी मावशी म्हणतो, तो लगेच म्हणाला, "बरोबर बोलली मोठी मावशी. आता बायायच्या वाळवणाचा टाइम हाये साहेब. एवढा उन्हाया जाऊ द्या." रत्नमाला अजून उभीच होती. तिला खाली बस असं कोणी म्हटलं नाही. ती आपलीआप बसली.

साहेबांनी विलासचं ऐकलं नाही. दोन दिवसांनी पहार आणि घण घेऊन नगरपरिषदेचे मजूर आले. मोठं मशीन गल्लीत शिरत नव्हतं, ओट्यांमुळेच. आम्हाला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. मी बायांना म्हटलं, "उद्या सगळ्यायनं कुरडया टाका. एक ओटा रिकामा ठेवू नका."

सकाळी मजूर आले तेव्हा गल्ली पांढरी झाली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत साड्या अंथरलेल्या आणि साड्यांवर ओल्या कुरडया. मुकादम रोहिणखेडकडचा होता. तो माझ्या ओट्याशी आला आणि चपला काढून उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं आपल्या मनानं काढल्या.

"माय, उचला ना हे."

"वल्ल्या हायेत बाप्पा. उचलल्या त तुटतीन."

"मले आर्डर हाये."

कुसुम समोरून म्हणाली, "मंग ठेव पाय. ठेव बरं अन्नावर. तुह्या मायनं हेच शिकवलं असन."

त्यानं पहार खांद्यावर घेतली. म्हणाला, "माय इथं असती त तिनंबी असंच केलं असतं," आणि माणसं घेऊन निघून गेला. आम्ही किती हसलो. उषानं त्याच्यामागे ताटात गरम चीक पाठवला. त्यानं तो गल्लीच्या तोंडाशी उभं राहून खाल्ला.

मग आमचा रोजचाच पहारा सुरू झाला. एकीच्या वाळल्या की दुसरीच्या ओल्या. कुरडया झाल्या की पापड, पापड झाले की शेवया, शेवया झाल्या की मुगाच्या वड्या. कधी न करणारीनंही केल्या. त्या वर्षी आमच्या गल्लीत इतकं वाळवण झालं की डबे पुरले नाहीत, पिठाच्या गोण्यांत भरून ठेवलं. आणि त्या सगळ्याचं आंबवण, पांढरं दाट पाणी, रोज ओट्याच्या भोकातून खाली. नालीत ते खळीसारखं बसत होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कपड्याला खळ मी जन्मभर घातली आहे, खळ काय करते ते मला कोणी सांगायला नको.

एका दुपारी रत्नमाला आली. मी ओट्यावर सावलीत कावळे हाकत बसले होते. ती खालीच उभी राहिली.

"काकू, कुरडया आमच्या छतावर टाका ना. घरकुलाचा स्लॅप हाये, मोठा हाये. ऊन लय लागते. मी धुऊन देतो सकायीच. कावयाले राखायले पल्लवी हाये."

पल्लवी तिची मुलगी. मी म्हटलं, "शिडीवर चढणं होत नाही वं आता. गुडघे धरतात."

"तुमी नका चढू. मी चढतो. उषावयनी चढतीन."

"पाह्यतो," मी म्हटलं.

गुडघे खरंच दुखतात माझे. पण कारण ते नव्हतं, आणि ती उभी होती त्यावरून तिलाही माहीत होतं की कारण ते नाही. खायची वस्तू त्या छतावर वाळवायची, हे आमच्या गल्लीत कोणी बोललं नसतं. नाही म्हणायचीही वेळ कोणावर आली नसती. तो विषयच झाला नसता. संध्याकाळी मी कुसुमला सांगितलं की रत्नमाला असं म्हणत होती. कुसुम म्हणाली, "हाव का?" आणि आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो.

मृग कोरडा गेला. आम्हाला वाटलं चांगलं झालं. आषाढात मग एका दुपारी पाऊस पडला. पाणी नालीत गेलंच नाही, जायला जागाच नव्हती. ते रस्त्यावर आलं. दोन्ही बाजूंना आमचे ओटे, मध्ये बारीक रस्ता, पाटाचं पाणी पाटात धावावं तसं ते धावत सुटलं. ओट्यावर उभं राहून पाहिलं तर छान दिसत होतं. कोणाची तरी चप्पल वाहत गेली, मग झाकण, मग प्लास्टिकची घागर. एक कुत्रं कुसुमच्या ओट्यावर चढून भिजत बसलं. आम्ही ते पाहत होतो. खालून ओरडणं ऐकू आलं तेव्हा मला आठवलं की रत्नमाला यावेळी अंगणवाडीत असते आणि जाताना बाहेरून कडी घालते, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

कडी खालच्या गल्लीतल्या बायांनी काढली होती. मी पोचले तेव्हा आत गुडघ्याच्या वर पाणी होतं. खाट विटांवर ठेवलेली होती, एका बाजूच्या विटा सरकल्या होत्या. तुळसाबाई चांगल्या हातानं खिडकीचा गज धरून होती. तिचं तोंड पाण्याच्या वर होतं. तिचा तो हात गजावरून सोडवायला दोघी लागल्या. कापूस वेचणाऱ्या हाताची पकड होती ती. छतावर नेता येईना, शिडीवर माणूस उचलून कसा चढवणार. आसपास कोरडी आणि उंच जागा एकच होती. तिथं तिला आणलं.

मग तिला घरात घेतलं. त्या दुसऱ्या पातळावर निजवलं. उषानं अंग पुसलं, माझंच लुगडं नेसवलं. रत्नमाला पळत आली, ओली, एका पायात चप्पल. तिनं सासूच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "काकू, तुमी होत्या म्हणून." मी तिच्यासाठी चहा ठेवला. मला त्या वेळी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी साखर किती घालू विचारलं.

तुळसाबाईच्या छातीत पाणी झालं, डॉक्टर म्हणाले. आधी इथल्या दवाखान्यात, मग बुलढाण्याला. मी एकदा भेटायला गेले, जीपमध्ये रत्नमालाच्या नवऱ्यासोबत. त्यानं मला पुढं बसवलं. पलंगाशी मी बसले तर तुळसाबाईनं तो चांगला हात माझ्या हातावर ठेवला. काही बोलली, कळलं नाही. रत्नमाला म्हणाली, "लुगडं परत द्याचं म्हणते तुमचं."

ती गेल्यावर भेटायला गेले तर सगळे एकच वाक्य बोलत होते, वय झालं होतं. रत्नमालाही तेच म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून. मी तिथं बसून होते, त्याच वयाची. नगरपरिषदेत पुढच्या सभेला दोन मिनिटं उभे राहिले म्हणे सगळे. कमान मात्र त्या वर्षी झाली. गुलाबी आहे.

यंदा नाल्यांचा विषय परत सभेत येणार असं कळलं आणि बायका माझ्याकडे आल्या. "काकू, यंदाबी गव्हू भिजवा," कुसुम म्हणाली. "तुमी म्हणान त्या दिवशी टाकू." त्यांच्या मनात काही वाईट नाही. मागचं त्यांच्या लक्षात आहे ते त्या मजेचं, गल्ली पांढरी झाली होती ते. मी म्हटलं, मी सभेला येईन. आणि गेले. साहेब बदलले होते, आता बाई आहेत. मी उठून म्हटलं, "मी खोटं बोलली होती मागं. आमचे ओटे नालीच्या नंतरचे हायेत. माहा ओटा आधी तोडा."

या वेळी कोणी हसलं नाही. विलास म्हणाला, "मोठी मावशी, एकटीचा तोडून काय होते? सगळ्यायचं एकमत होऊ द्या." बाईसाहेब म्हणाल्या, आजींचं म्हणणं नोंदवून घ्या. विषय पुढच्या सभेवर ठेवला.

मी माणूस लावून माझा ओटा फोडला. मुलगा रागावला, फरशी महाग होती. कुसुम तिच्या ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, "बुढीले पुण्य लागून राह्यलं आता." खाली नाली पांढरट दगडासारखी भरली होती. खळीचे थर, मध्ये राख, भांडी घासायचे काथे, एक चमचा जो हरवला म्हणून मी उषाला बोलले होते. सगळं माझ्याच घरातलं होतं. साफ केली. आता माझ्या दारापुढे नाली उघडी आहे, वास येतो, डास होतात, आणि पाणी दोन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या ओट्यांशी येऊन थांबतं. विलासचं खरं आहे, एकटीचा तोडून काही होत नाही.

चीक निवळला तेव्हा कुरडया वाळवायला जागा नव्हती. मी खालच्या गल्लीत गेले. रत्नमालाच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "कुरडया तुह्या छतावर टाकू का वं?"

तिनं एकदा वर पाहिलं. मग म्हणाली, "काकू, छतावर जागा नाही ना आता. चला, दाखवतो." मी म्हटलं गुडघे. ती म्हणाली, "खालूनच पाहा." छतावर लोखंडी खांब उभे होते आणि त्यावर टिना टाकणं चाललं होतं. तिचा नवरा वर होता. खाट वर गेली होती, धान्याची कोठी, पल्लवीचं दप्तर, बुद्धाचा फोटो, सगळं वर चाललं होतं. जीपचं लोंबकळणारं एक जुनं सीटही. जिना पण पक्का करत होते, सिमेंटचा. चार महिने वरच राहायचं त्यांनी ठरवलंय, पाऊस पडून जाईपर्यंत. "खाली आता भरवसा नाही काकू," ती म्हणाली. "च्या घेता का?" मी घेतला. आत नाही बोलावलं तिनं. बसायला पायरीवर पोतं टाकलं, मी तिथंच बसून प्याले.

कुरडया उषानं आमच्या खोलीत पंख्याखाली वाळवल्या. लाल पडल्या.

खालच्या गल्लीत त्या दुपारी घरात तुळसाबाई एकटीच होती. पाण्यातून ती जिवंत निघाली आणि पोळ्याच्या आधी गेली. रत्नमाला, तिचा नवरा आणि पल्लवी आहेत. वरच्या गल्लीत कोणाच्या अंगाला पाणी लागलं नाही. आम्ही सगळ्या जिवंत आहोत.